पावसाळ्यात स्टार्टर रेपो चालू करताना

कोकणात जून लागला की लाईट आणि रेंज, दोन्हींचा भरवसा नसतो. म्हणून नव्या प्रोजेक्टचा स्टार्टर कोड (रेपो, म्हणजे गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने सांभाळलेलं कोडचं फोल्डर) लॅपटॉपवर बसवताना नेट लागणारं सगळं आधी एका बैठकीत उतरवून घ्या. जुळवाजुळव मागाहून, बिननेटची होते. पुढचं सगळं नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) असलेला, डॉकरवर (ॲप बंदिस्त 'कंटेनर'मध्ये चालवणारं साधन) चालणारा नेहमीचा रेपो धरून लिहिलं आहे.

क्लोन करण्याआधी, म्हणजे रेपोची प्रत उतरवण्याआधी, ब्राउझरमध्ये तीन फाईली बघा: रीडमी, पॅकेज डॉट जेसन आणि डॉट एनव्हीएमआरसी. नोडचं कोणतं व्हर्जन लागतं ते तिथे कळतं. मशीनवर असलेलं नोड चालेल असं धरून चालू नका, निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. लिनक्स आणि मॅकवर क्लोननंतर फोल्डरमध्ये जाऊन एनव्हीएम (नोडची व्हर्जन्स सांभाळणारं साधन) इन्स्टॉल म्हटलं की तो फाईलमधला आकडा स्वतः वाचतो. विंडोजवरचं एनव्हीएम वेगळं आहे, त्याला आकडा हाताने द्या.

विंडोजवाल्यांनी क्लोनच्या आधी गिटचं ऑटो-सीआरएलएफ (ओळीच्या शेवटची खूण बदलणारं सेटिंग) 'इनपुट' करावं. ते 'ट्रू' राहिलं तर एसएच (शेल स्क्रिप्ट) फाईलींत ओळीच्या शेवटी विंडोजचं अदृश्य अक्षर बसतं. मग फाईल डोळ्यांसमोर असूनही कंटेनर 'नो सच फाईल' म्हणत राहतो.

आता क्लोन. अर्ध्यात तुटलेलं गिट क्लोन पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून करावं लागतं. नव्वद टक्क्यांवर रेंज गेली तर ते नव्वद टक्के वाया. म्हणून कमांडमध्ये 'डेप्थ १' द्या, म्हणजे फक्त शेवटचा कमिट (गिटमध्ये नोंदवलेली कोडची स्थिती) येतो. पूर्ण इतिहास हवाच असेल तर चांगलं नेट मिळाल्यावर गिट फेचला 'अनशॅलो' लावा.

पॅकेजेससाठी (कोडला लागणाऱ्या तयार लायब्ऱ्या) नोडच्या एनपीएम या साधनाचं एनपीएम इन्स्टॉल नको, एनपीएम सीआय वापरा. ते लॉकफाईलमधली (पॅकेजेसची नेमकी व्हर्जन्स नोंदवणारी फाईल) व्हर्जन्स जशीच्या तशी आणतं, आणि लॉकफाईल व पॅकेज डॉट जेसन जुळत नसतील तर तिथेच थांबतं. हे थांबणं चांगलं, लॉकफाईल उडवून 'चालवून घेऊ' नका. (रेपोत यार्न किंवा पीएनपीएमची लॉकफाईल असेल तर तेच साधन वापरा.) मध्येच नेट गेलं तर उतरलेली पॅकेजेस कॅशमध्ये (मशीनवरच्या साठ्यात) राहतात. पुन्हा चालवताना 'प्रेफर-ऑफलाईन' लावलं की उरलेलीच मागवली जातात. 'फेच-रिट्राईज' (उतरवणं फसल्यावर पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा) मुळात २ असतं, ते ५ करून ठेवा.

वाडीत नेट अगदीच नसेल तर रत्नागिरी-चिपळूणला बसून उतरवा आणि पेनड्राईव्हवर घरी न्या. रेपोसाठी गिट बंडल आहे: 'डेप्थ' न लावता केलेल्या पूर्ण क्लोनमधून अख्खा रेपो एका फाईलमध्ये येतो आणि त्या फाईलवरून सरळ क्लोन होतं. नंतर ओरिजिनचा (रेपो जिथून आला त्या जागेचा) पत्ता खऱ्या सर्व्हरचा करायला विसरू नका. पॅकेजेससाठी एनपीएमचं कॅश फोल्डर न्या आणि घरी एनपीएम सीआय 'ऑफलाईन' लावून चालवा. ते आधी झिप करा, हजारो बारीक फाईली एकेक करून पेनड्राईव्हवर चढायला फार वेळ खातात. पॅकेजेस बसतात ते नोड मॉड्यूल्स फोल्डर मात्र विंडोजवरून लिनक्सवर उचलून नेऊ नका, त्यात त्या त्या सिस्टिमसाठी बनवलेल्या फाईली असतात. कॅशमध्येही काही पॅकेजेस त्या सिस्टिमपुरतीच उतरलेली असतात, म्हणून दोन्हीकडे सिस्टिम एकच ठेवा. काही पॅकेजेस इन्स्टॉल होताना स्वतंत्रपणे नेटवर जातात, उदाहरणार्थ ब्राउझर चालवणारं पपेटिअर हे पॅकेज क्रोम उतरवतं. ती ऑफलाईन अडतात. डॉकरच्या इमेजसाठी (कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो साचा) डॉकर सेव्ह आणि डॉकर लोड आहेतच. पेनड्राईव्ह फॅट ३२ असेल तर ४ जीबीची फाईल त्यावर मावत नाही, एक्स-फॅट करून घ्या.

मग सेटिंग. 'डॉट ईएनव्ही डॉट एक्झाम्पल'ची प्रत काढून तिला 'डॉट ईएनव्ही' नाव द्या (पासवर्डसारखी सेटिंग्ज यात असतात), आणि ती गिट-इग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाईलींच्या यादीत) आहे ना ते बघा. डेटाबेसचा होस्ट इथे हमखास चुकतो: ॲप कंटेनरच्या आत चालत असेल तर कंपोझ फाईलमधलं (डॉकरने कोणते कंटेनर उभे करायचे ते सांगणारी फाईल) डेटाबेस सर्व्हिसचं नाव, बाहेर चालत असेल तर लोकलहोस्ट. पोर्ट ५४३२ वर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर आधी हेच तपासा.

पासवर्डचा घोळ याहून चिवट. पोस्टग्रेसची इमेज ईएनव्हीमधला पासवर्ड फक्त पहिल्यांदा, व्हॉल्यूम (डॉकर डेटा ठेवतं ती जागा) रिकामं असताना वाचते. नंतर फाईलमध्ये कितीही बदला, आत जुनाच राहतो आणि 'ऑथेंटिकेशन फेल्ड' येत राहतं. डेटा बिनकामाचा असेल तर कंपोझ डाऊनला 'व्ही' लावून व्हॉल्यूम पुसा आणि पुन्हा उभं करा.

काम चालू असताना लाईट गेली आणि यूपीएसविना डेस्कटॉप बंद पडला, तर पोस्टग्रेस पुढच्या वेळी 'ऑटोमॅटिक रिकव्हरी' असं लिहितं. घाबरून व्हॉल्यूम पुसू नका, त्याला त्याचं काम पुरं करू द्या. गिट 'ऑब्जेक्ट फाईल इज एम्प्टी' म्हणालं तर आधी स्वतः बदललेल्या फाईली बाजूला काढा आणि बंडलवरून नवीन क्लोन करा. यासाठी तरी ती बंडलची फाईल जपून ठेवा.

सगळं बसलं की वायफाय बंद करून ॲप एकदा चालवा. जे अडेल, ते अजून नेटवरून येतं आहे. ते रेंज आहे तोवर उतरवून घ्या.