पहिली धार बादलीत नको

धार काढायला बसलात की प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार पिळ्या बादलीत न सोडता काळ्या वाटीत घ्या. काळ्यावर दूध नीट दिसतं: बारीक गुठळ्या, दह्यासारखे कण, पाणचट निळसरपणा किंवा रक्ताची रेघ. यातलं काही दिसलं तर कासदाह (जंतूंमुळे कासेला येणारी सूज, मस्टायटिस) धरून चाला आणि त्या सडाचं दूध वेगळं काढा. ते गोठ्यात जमिनीवर ओतू नका, जंतू तिथूनच पसरतात. अशी गाय सगळ्यांत शेवटी पिळायची.

कास गरम, कडक, सुजलेली असेल तर ती हाताला कळतेच. खरा त्रास सुप्त कासदाहाचा. दूध दिसायला चांगलं, गाय खातेपिते, फक्त दूध हळूहळू कमी होतं. त्यासाठी सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) ही चाचणी करा. चाचणीच्या द्रावणात दूध घट्ट, चिकट झालं की सुप्त कासदाह आहे असं समजायचं.

धार संपली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच पुढ्यात वैरण टाका. सडाचं तोंड मिटायला साधारण अर्धा तास लागतो, तेवढा वेळ गाय उभी राहिली पाहिजे.

अशा गाईचं दूध ‘उकळलं की झालं’ म्हणतात, हे अर्धंच खरं. उकळल्याने जंतू मरतात, पण उपचाराला दिलेल्या प्रतिजैविकाचे (अँटिबायोटिकचे) अंश जात नाहीत, आणि कासदाहाच्या स्टॅफिलोकोकस या जंतूने सोडलेलं विषही उकळीला दाद देत नाही. म्हणून औषधाच्या वेष्टनावर दूध न वापरण्याचे दिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत चारही सडांचं दूध बाजूला ठेवा, एकाच सडात औषध सोडलं असलं तरी.