एकटं आहात की करमत नाहीये? आधी हे तपासा

मालगाडीचा गार्ड म्हणून मी एकतीस वर्षं काढली. भुसावळहून कधी खंडवा, कधी बडनेरा, कधी इगतपुरी. २०२२पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. मी त्याआधीच रिटायर झालो, म्हणून गार्डच राहिलो.

मालगाडीचा गार्ड म्हणजे शेवटचा डबा आणि त्यात एक माणूस. ड्रायव्हर पार पुढे, मधे पन्नासेक वॅगन. मेलगाड्या जाऊ द्यायला रावेरला लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकलं की तीन-तीन तास तिथंच. आमच्या वेळच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे त्या शेवटच्या डब्यात, ना पंखा, ना दिवा. मे महिन्यात पत्रा असा तापायचा की पाठ टेकवता यायची नाही. वैताग यायचा, पण करमत नाही असं काही झालं नाही.

ते झालं पुण्यात, मुलाच्या फ्लॅटमध्ये. बायको गेली तेव्हा तो मला घेऊन गेला. घरात आम्ही पाच जण, टीव्ही चालू, ताटात गरम पोळी, आणि माझ्या पोटात खड्डा. हे काय आहे ते कळायला मला वर्ष लागलं. तुम्हाला तेवढं लागू नये म्हणून लिहितोय.

नोंद ठेवा. गार्ड प्रत्येक स्टेशनची वेळ लिहितो. तसं मी आठ दिवस कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: किती वाजले, जवळ कोण होतं, जीव रमला का. पहाटे पाचला गच्चीवर एकटा, छान. दुपारी घरात कोणी नाही, छान. संध्याकाळी सात ते नऊ, सगळे घरात, तेव्हा वाईट. तुमच्या नोंदीत एकट्याची वेळ सुखाची निघाली तर ती कोणाला देऊ नका. 'एकटे काय बसता' म्हणत लोक भजनी मंडळात ओढून नेतात. आवड असेल तर जा, नाहीतर हात जोडा.

काय कमी आहे ते ओळखा. रॉबर्ट वाइस नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ साली एकाकीपणाचे दोन प्रकार सांगितले: एक, अगदी जवळचं माणूस नसणं, दोन, ओळखीपाळखीचा गोतावळा नसणं. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. मला हे आधी कळलं असतं तर हास्यक्लबात सहा महिने खोटं हसलो नसतो. बायकोची जागा पन्नास माणसं भरत नाहीत. त्यासाठी मी एकच करतो: दर रविवारी फैजपूरला मेहुणीला फोन. आम्ही फक्त माझ्या बायकोबद्दल बोलतो. ती लहानपणी कशी हट्टी होती, हे मला साठीनंतर कळतंय.

नोंदीतल्या वाईट वेळेला कोणाचा निवाडा करू नका. जॉन कॅसिओपो हे शिकागोचे मानसशास्त्रज्ञ म्हणायचे की एकाकीपणा हा भुकेसारखाच शरीराचा इशारा आहे. पण तो लांबला की मन संशयी होतं, साध्या गोष्टीत नकार दिसू लागतो. माझं तसंच झालं. सूनबाई खोलीचं दार लावायची आणि मी रात्रभर तेच धरून बसायचो. तिने एसी लावलेला असायचा, बस.

झेंडी दाखवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. गाडी स्टेशनातून जाताना स्टेशन मास्तर हिरवी झेंडी धरून उभा असतो. गार्ड आपली दाखवतो. रात्री फाटकावर गेटमन बत्ती हलवतो. याला आम्ही ऑलराइट म्हणायचो. शब्द एक नाही, पण कुठे धूर निघतोय का, काही लटकतंय का, हे तो बघत असतो. रात्रभर दर काही मैलांवर कोणीतरी माझी गाडी नीट आहे ना ते बघत होतं, म्हणून मला करमत होतं. पुण्यात ते बंद पडलं होतं.

मग मी भुसावळला परत आलो आणि झेंड्या पुन्हा लावल्या. दूध घरपोच बंद केलं, डेअरीवर जाऊन आणतो. पेपर स्टॉलवरून. चहा एकाच टपरीवर, सात वाजता. वेळ आणि जागा बदलायची नाही, आणि समोरच्याची वाट न बघता आपली झेंडी आधी दाखवायची. दोन महिने काही झालं नाही. मग तापाने दोन दिवस घरी होतो, तिसऱ्या दिवशी टपरीवाला म्हणाला, "काय भो, गाडी लेट?"

माणसं बोलवा, पण कामाला. एका माणसाचं भरीत होत नाही. वांगी भाजायचा खटाटोपच एवढा असतो. पहिल्या हिवाळ्यात मी हौसेने बारा जण बोलावले. ते कपाशीच्या भावावर आपापसात बोलत जेवले, मी वाढत राहिलो, आणि रात्री भांडी घासताना पुण्यापेक्षा वाईट वाटलं. पुढच्या वेळी तिघंच. एकाला वांगी भाजायला बसवलं, एकाला सोलायला, एकाला मिरच्या ठेचायला. भरीत थोडं करपलं. अकरापर्यंत कोणी उठलं नाही.

दोन-तीन आठवडे झोप आणि भूक गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर झेंड्यांवर थांबू नका. टेलि-मानस ही मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी वेगळी हेल्पलाइन, १४५६७.

मुलाचं राहिलं. तो "केव्हाही फोन करा बाबा" म्हणायचा आणि मी कधीच करायचो नाही. आता मंगळवार आणि शुक्रवार, रात्री नऊ ठरलंय. 'कसे आहात' विचारायचं नाही, डब्यात काय होतं ते सांगायचं, असं मी त्याला बजावलंय. काल म्हणाला, भेंडी होती. मी म्हटलं, इथं बामणोदची वांगी आलीत बाजारात.