दवाखान्याला मेसेज करताय? या चुका टाळा

सांगलीजवळच्या एका दवाखान्याचा फोन माझ्याकडे असतो. २०१९चा महापूर, मग कोरोना, सगळं या एका फोनवरून निभावलं. चुका मात्र दरवेळी त्याच. त्यातली सगळ्यात मोठी माझीच, म्हणून आधी तीच सांगते.

एप्रिल २०२१. घरीच विलगीकरणात असलेले चाळीसेक पेशंट. प्रत्येकाला वेगवेगळं कोण विचारत बसणार, म्हणून मी सरळ पेशंटचा ग्रुप काढला. सकाळ-संध्याकाळ ताप आणि ऑक्सिजन इथे टाका म्हटलं, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. दुसऱ्या दिवशी एका काकूंचा फोन आला. ‘अगं, तू गल्लीत कुणाला सांगितलंस का? दूधवाला पिशवी कोपऱ्यावरच ठेवून जातोय.’ मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि त्यांच्या गल्लीतला एकजण त्यातच होता. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६पासून एन्क्रिप्शन आहे, मधल्यामध्ये कुणी वाचू शकत नाही, हे मलाही माहीत होतं. पण मधल्याची गरजच काय, मी चाळीस जणांना पंगतीलाच बसवलं होतं.

त्याच रात्री एका मुलाने लिहिलं, ‘पप्पांचं ऑक्सिजन ८८ आलंय.’ त्याच्या खाली हात जोडलेले इमोजी, काढ्याची कृती, कुणाचा तरी सुविचार. मला ते पहाटे दिसलं. पप्पा वाचले, पण मुलाने आमची वाट न बघता १०८ला फोन लावला म्हणून.

ग्रुप त्याच दिवशी मोडला. आता ब्रॉडकास्ट लिस्ट करते. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, मेसेज प्रत्येकाला स्वतंत्र जातो आणि उत्तर फक्त मला येतं. मात्र पेशंटने आपला नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज पोचतच नाही. म्हणून मी माणसाला टेबलासमोर उभं करून नंबर सेव्ह करायला लावते. ‘घरी जाऊन करतो’ म्हणणाऱ्यांचा मला अनुभव आहे.

दुसरी चूक पेशंटच्या घरच्यांची: रिपोर्ट गावभर फिरवणे. बेड हवा म्हणून वडिलांचा रिपोर्ट आणि आधार कार्ड दिसेल त्या ग्रुपवर. आमच्या एका पेशंटच्या मुलाला त्यातून बेड मिळाला नाही, पण रेमडेसिविर देतो म्हणणाऱ्याचा फोन बरोबर आला. त्याला नाव, वय, रिपोर्टची तारीख, सगळं तोंडपाठ. आगाऊ पैसे गेले, इंजेक्शन काही आलं नाही. ग्रुपवर वय, ऑक्सिजन, तालुका आणि एका नातेवाइकाचा नंबर पुरे. रिपोर्ट फक्त डॉक्टरला.

‘ताप आहे, काय करू?’ एवढाच मेसेज नको. कुणाला, किती, केव्हापासून? पेशंटचं नाव, वय, मोजल्याची वेळ, ताप, ऑक्सिजन बसून आणि सहा मिनिटं चालून. एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो. न लिहिल्यास माझे चार मेसेज जातात.

निळी टिक म्हणजे डॉक्टरांनी वाचलं असं नाही, फोन माझ्या हातात असतो. दम लागला, छातीत दुखलं, तर टाईप करत बसू नका, फोन करा. केंद्राच्या मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन नियमावलीने व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला मान्य केला आहे, पण तातडीच्या वेळी तो प्रथमोपचार आणि ‘पेशंटला घेऊन या’ इतकाच.

सहा आकडी ओटीपी मागणारा दवाखान्याचा माणूस नसतो, तुम्हाला ‘दादा’ म्हणाला तरी.

पाठवलेले फोटो गॅलरीत साठतात आणि तोच फोन नातू गेम खेळायला घेतो. चॅटच्या सेटिंगमध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा. बॅकअपचं एन्क्रिप्शन वेगळं सुरू करावं लागतं, ते आपोआप होत नाही.

आणि पुरात नेट गेलं की साधा एसएमएस करा. त्याला व्हॉट्सअ‍ॅपसारखं कुलूप नाही, म्हणून आजार लिहू नका. नाव, कुठे अडकलात आणि ‘फोन करा’, बास. पुढचं मी बघते.