डिमेन्शियाच्या माणसाला सांभाळताय? या चुका टाळा

मी परिचारिका आहे. डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू जाण्याचा आजार, झालेल्या माणसांच्या घरी जायचं आणि घरच्यांना सांभाळायचं कसं ते दाखवायचं, हे माझं काम. ठाणे, डोंबिवली, नाशिक, घरं बदलतात, चुका त्याच राहतात. त्यातल्या बहुतेक मायेपोटी होतात, म्हणून जास्तच वाईट वाटतं.

परीक्षा घेणं आणि चूक सिद्ध करणं

"आई, ओळख बघू, मी कोण?" पाहुणे आले की हे ठरलेलं. मग "सकाळी काय खाल्लंस?", "आज वार कोणता?" अल्झायमर हे डिमेन्शियाचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण, आणि त्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला सुरुवातीलाच मार बसतो. नव्या घटनांची नोंद होते ती तिथे. सकाळच्या पोह्यांची नोंदच झाली नसेल तर आठवणार काय? ताण देऊन काही निघत नाही, माणूस चारचौघांत खजील होतो. पोहे जातात, पण कुणी ओरडल्याची, लाज वाटल्याची सल बराच वेळ टिकते. दुपारी कशावरून वाजलं ते संध्याकाळी आठवत नसतं, तरी संध्याकाळभर माणूस धुसफुसत असतो.

मी खोलीत शिरताना माझी ओळख मीच देते: "आजी, मी सिस्टर, बीपी बघायला आले." मुलांनीही तेच करावं. "आई, मी तुझा धाकटा, ऑफिसातून आलो" म्हणावं आणि चहाचं विचारावं.

चोरीचा आरोप ही याच चुकीची पुढची पायरी. वस्तू जपून ठेवायची, ठेवल्याची नोंद होत नाही, मग ती गायब दिसते. दिवसभर समोर असते ती सून किंवा कामाच्या मावशी. म्हणजे जी सगळ्यात जास्त करते, तिच्यावरच आळ येतो.

डोंबिवलीतल्या एका घरात आजींचं पैशांचं पाकीट रोज हरवायचं आणि सून रोज रडायची. मुलाने वैतागून खोलीत कॅमेरा बसवला आणि आजींना मोबाइलवर दाखवलं, "बघ, तूच गादीखाली ठेवतेयस." आजींनी नीट पाहिलं आणि विचारलं, "ही म्हातारी कोण? माझ्या खोलीत कशी आली?" आपण एवढ्या म्हाताऱ्या आहोत हे त्यांच्या मनात उरलंच नव्हतं. त्या रात्रीपासून 'त्या बाई'च्या भीतीने त्या झोपेनात, दाराला आतून कडी घालू लागल्या, आणि तीच बाई कपाटाच्या आरशातही दिसायला लागली. पाकिटाचं दुखणं राहिलं बाजूला, घरात भीती शिरली.

आम्ही कॅमेऱ्याचा विषय कायमचा बंद केला, आरशावर चादर टाकली, आतली कडी काढून टाकली. तसंच दुसरं पाकीट आणून त्यात दहा-दहाच्या नोटा घातल्या. सुनेला एकच वाक्य दिलं: "सापडत नाही का? चला आई, दोघी मिळून शोधू." शोधता शोधता आजी माहेरच्या गोष्टींवर यायच्या आणि पाकीट मागे पडायचं. त्यांच्या लपवायच्या जागा ठरलेल्या होत्या: गादी, तांदळाचा डबा, देव्हाऱ्यामागे. प्रत्येकाच्या असतात, त्या माहीत करून घ्या. कचऱ्याची बादली रिकामी करण्याआधी हात घालून बघा. कवळ्या आणि कानाची यंत्रं तिथेच सापडतात.

दोन दिवस असं वागून "काही फरक नाही हो सिस्टर" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. फरक आजारात पडणार नाही. तो घरातल्या आवाजात पडतो, आणि त्याला आठवडे जातात.

अचानक बिघडलं तरी "आजार वाढला" म्हणणं

ही चूक जिवावर बेतते. डिमेन्शिया महिन्या-वर्षांत वाढतो. परवापर्यंत शांत असलेला माणूस आज रात्रभर ओरडतो, कपडे ओढतो, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतो किंवा उलट दिवसभर सुस्त पडून राहतो, तेव्हा शरीरात काहीतरी नवीन घडलेलं असतं. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात.

निवृत्त शिक्षक असलेले एक आजोबा दोन दिवसांत असे बिघडले. घरच्यांनी शेजाऱ्यांकडून झोपेची गोळी आणून दिली. ती घेऊन ते आणखी गोंधळले आणि पहाटे पलंगाजवळ पडले. मी गेले तेव्हा पोटाला हात लावू देत नव्हते, ओटीपोट टणक होतं. विचारलं, लघवी कधी झाली? कुणालाच सांगता येईना. आठवड्यापूर्वी सर्दी झाली म्हणून दुकानातून आणलेली सर्दीची गोळी चालू होती. वाढलेलं प्रोस्टेट आणि त्यात ती गोळी, लघवी अडकून बसली होती. दवाखान्यात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला, सर्दीची आणि झोपेची गोळी बंद झाली, लघवीतल्या संसर्गावर औषध मिळालं. काही दिवसांत आजोबा पूर्वीइतपत शांत झाले. दुखतंय हे त्यांना सांगता येत नव्हतं, म्हणून ते ओरडत होते.

माझी सवय सांगते. वागणं अचानक बदललं की मी आधी ताप बघते, मग लघवी, शौच, पाणी किती प्यायलं, गेल्या आठवड्यात कुठली नवी गोळी सुरू झाली, कुठे पडले का. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे मागितलं नाही म्हणजे नको असं नसतं. तांब्या भरून ठेवून भागत नाही, पेला हातात द्यावा लागतो. डोक्याला मार लागला असेल तर कवटीच्या आत साचणारं रक्त काही आठवड्यांनीही त्रास देऊ शकतं, म्हणून जुनं पडणंही डॉक्टरांना सांगा. आणि त्याच दिवशी दाखवा, सोमवारची वाट बघू नका.

झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्यांबद्दल माझं मत कडक आहे. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये अँटिसायकोटिक, म्हणजे भास आणि आक्रमकपणा आवरायच्या, औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 सालीच दिला. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर या औषधांनी माणूस एकदम ताठरून जाऊ शकतो. कधी कधी त्यांची गरज पडते, पण ती तज्ज्ञाने ठरवायची, थोड्या काळासाठी. घरच्यांना रात्री झोप मिळावी म्हणून फोनवर गोळी मागून घेणं बंद करा.

आईची वाटणी

तीन भाऊ, प्रत्येकाकडे चार महिने. ठणठणीत आईला हे एकवेळ चालेल, डिमेन्शिया झालेल्या आईला नाही. रात्री उठून संडास कुठे आहे हे ती डोक्याने नाही, पायांच्या सवयीने शोधत असते. घर बदललं की ती सवय जाते आणि अंथरूण ओलं होतं. मग लगेच डायपर येतो. आईला एका घरात राहू द्या, भावांनी पाळीपाळीने तिथे येऊन राहावं. न येणाऱ्याने रात्रीच्या मावशींचा पगार उचलावा. परदेशातल्या मुलाने व्हिडिओ कॉलवर सूचना देण्याऐवजी सुट्टी काढून यावं आणि त्या काळात वहिनीला माहेरी पाठवावं. एकट्या सुनेवर सगळं टाकलेलं घर फार काळ टिकत नाही, आधी तिची पाठ जाते, मग मन.

आंघोळीची मारामारी

"पारोसं कसं राहू देणार?" या हट्टापायी रोज सकाळी घरात किंचाळ्या ऐकू येतात. डोक्यावर एकदम तांब्या ओतला की त्यांना हल्ला झाल्यासारखं वाटतं. बाथरूम आधी गरम करा, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवा, मांडीवर टॉवेल राहू द्या, पाणी पायांपासून वर न्या. आज नकोच म्हणत असतील तर ओल्या कपड्याने अंग पुसा. देव रागावत नाही.

थोडक्यात

तिन्हीसांजेला "घरी जायचंय" सुरू झालं की "हेच तुझं घर" म्हणून वाद घालू नका. अंधार पडायच्या आत दिवे लावा, चपला घालून खाली एक चक्कर मारून आणा.

ताटात एका वेळी एकच पदार्थ. आडवं ठेवून कधीही भरवू नका, घास श्वासनलिकेत जातो.

कान आणि डोळे तपासून घ्या. ऐकू न येणाऱ्याला "समजत नाही" ठरवलेलं मी पुष्कळदा पाहिलंय.

"वय झालं" म्हणून तपासणी टाळू नका. बी-12 ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांनीही विसरायला होतं आणि त्यांवर उपचार आहेत. पण अल्झायमरचं निदान झाल्यावर दर महिन्याला बी-12 ची इंजेक्शनं आणि स्मरणशक्तीची टॉनिकं घेत बसण्यात अर्थ नाही. डोनेपेझिलसारखी गोळीसुद्धा काही काळ लक्षणं सावरते, आजार बरा करत नाही. ती सुरू झाल्यावर उलट्या झाल्या किंवा नाडी मंद झाली तर डॉक्टरांना कळवा.

कागदपत्रं नंतर बघू

सही करता येत नाही अशी वेळ आल्यावर लोक मुखत्यारपत्राची चौकशी करायला लागतात. आपल्याकडच्या 1872 च्या करार कायद्यानुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्राचा अधिकारही संपतो. त्यानंतर पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तोवर औषधांचे पैसे बँकेत अडकून पडतात. निदान झालं की त्याच महिन्यात, त्यांना समजतंय तोवर, त्यांना बरोबर घेऊन बसा. बँक खातं संयुक्त करा, त्यात दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील असा पर्याय निवडा, नामनिर्देशन तपासा. मृत्युपत्र त्यांच्या इच्छेने होऊ द्या आणि ते करण्याइतकी समज आहे असा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा घ्या. ज्येष्ठांसाठीच्या 14567 या सरकारी हेल्पलाइनवर कायद्याबद्दलही विचारता येतं. फोनला पैसे पडत नाहीत.