जुन्या कोरणीला पुन्हा धार: खोदकामाची आणि घड्याळजीची हत्यारे वापरात आणताना

जुन्या बाजारात घड्याळजीच्या हत्यारांचा एखादा डबा हाती लागला, की सगळे घासून चकचकीत करण्याचा मोह होतो. तो आवरावा. इंग्लंडमधील वॉरिंग्टनच्या पीटर स्टब्जच्या कानशीवरील मोहोर किंवा जर्मनीतील एसलिंगेनच्या बोली कारखान्याचे नाव पॉलिशच्या चाकावर एकदा पुसले गेले, की ते हत्यार कुठले आणि कोणत्या काळातले, हे ओळखण्याची खूणच नाहीशी होते. त्याहून मोठे नुकसान पोलादाचे होते, कारण वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ टोक क्षणात तापते आणि त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते.

डबा उघडताना एक सावधगिरी बाळगावी. त्यात अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्या, काटे किंवा सुकलेल्या रंगाची बाटली असेल, तर तो रंग रेडियमचा असू शकतो. चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपत नाही, कारण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षे आहे. असा रंग खरवडू नये आणि त्याची पूड फुंकरीने उडवू नये.

गंज काढण्यासाठी हत्यारे रात्रभर रॉकेलमध्ये ठेवावीत आणि नंतर पितळी ब्रशने, गरज पडल्यास 0000 क्रमांकाच्या स्टील वूलने, हलक्या हाताने पुसावीत. व्हिनेगर किंवा लिंबाचे आम्ल गंजाबरोबर चांगले पोलादही खाते, म्हणून स्टेकिंग सेटच्या, म्हणजे घड्याळाचे बारीक भाग ठोकून बसवण्याच्या संचाच्या, पंचांना ते कधीही लावू नये. हे पंच आपल्याच चौकटीच्या भोकात सैल न होता, पण स्वतःच्या वजनाने खाली उतरले पाहिजेत, आणि हा नेमका बसाव एकदा गेला की परत येत नाही. लाकडी मूठ तडकलेली नसेल, तर जवसाच्या तेलाचा एक पातळ हात तिला पुरतो.

खरे काम आहे ते कोरणीचे, म्हणजे ग्रेव्हरचे. प्रथम भिंगातून तिच्या टोकाचा रंग पाहावा. टोक निळे पडले असेल, तर पूर्वीच्या मालकाने ती ग्राइंडरवर तापवली आहे असे समजावे. तापून फिकट पिवळसर झालेले पोलाद साधारण 220 ते 230 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते आणि कोरणीला तेवढे चालते. निळा रंग मात्र 300 अंशांच्या आसपास येतो, आणि इतक्या मऊ टोकाची धार दोन रेघांतच बोथट होते. अशा वेळी पुन्हा पाणी देण्याची घाई न करता निळा भाग दगडावर, वारंवार पाण्यात बुडवत, मागे घासत जावा. दोन-तीन मिलिमीटर मागे बहुधा मूळचे कडक पोलाद सापडते. कोरणी पूर्ण मऊ असेल, तरच ती चुंबकाला चिकटेनाशी होईपर्यंत लाल करून तेलात विझवावी, घासून उजळ करावी आणि मंद आचेवर फिकट पिवळ्या रंगापर्यंत आणून थांबवावी.

पाजवताना आधी तेलाच्या मध्यम दगडावर, मग अर्कान्सास या बारीक कणांच्या दगडावर काम करावे. पितळ आणि तांबे कोरण्यासाठी समोरचे तोंड सुमारे 45 अंशांचे ठेवावे. पोलादासाठी ते 50 ते 55 अंशांपर्यंत उभे करावे, नाहीतर टोक तुटते. खालच्या दोन बाजूंना अंदाजे 15 अंशांची छोटी टाच द्यावी आणि ती दोन्हीकडे अगदी सारखी असावी. टाच असमान असली की रेघ एका अंगाला ओढली जाते आणि नवशिका दोष आपल्या हाताला देतो. शेवटी टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवावे: घसरले तर दगडाकडे परतावे, जागच्या जागी रुतले तर धार झाली.

कोरताना मूठ तळहातात बसते, अंगठा पत्र्यावर टेकून हत्याराला आवर घालतो, आणि वळणाला हात न वळवता लाखेवर बसवलेला पत्रा फिरवायचा असतो. मूठ इतकी लांब असावी, की टोक अंगठ्यापुढे सुमारे दीड-दोन सेंटिमीटरच राहील; याहून पुढे गेले की ताबा सुटतो.

घड्याळजीच्या जुन्या टर्न्सवर, म्हणजे हाताने चालवायच्या छोट्या लेथवर, हीच कोरणी वेगळ्या तऱ्हेने चालते. दोन स्थिर टोकांमध्ये आस धरून तिच्या कप्पीला धनुष्याची दोरी एक वेढा घालायची असते, अगदी सुताराच्या सामत्यासारखी. धनुष्य खाली येताना आस कापणाऱ्याकडे फिरते, तेवढ्यातच कोरणी टेकवावी. वर जाताना ती केसभर मागे घ्यावी. बॅलन्सच्या, म्हणजे घड्याळातील झुलत्या चाकाच्या, आसेचे टोक जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीचे असल्यामुळे दाब देण्याऐवजी धारेवर भिस्त ठेवावी. सुरुवात पितळी सळईवर करावी, मग निळ्या रंगापर्यंत पाणी उतरवलेल्या पोलादावर यावे. मला या पद्धतीचा हळूपणाच तिचा गुण वाटतो, कारण हाताला प्रत्येक काप जाणवतो आणि आस मोडण्याआधी थांबता येते.

पेचकसाचे पाते सुरीसारखे टोकदार न करता पेचाच्या खाचेत तळापर्यंत भरेल असे सपाट, समांतर घासावे. चिमट्याची टोके उजेडासमोर धरून पाहावीत. दाबल्यावर ती टोकाशीच मिटली पाहिजेत, आणि मध्ये फट उरली तर आतली बाजू बारीक दगडावर थोडी थोडी घासावी. काम संपल्यावर प्रत्येक कोरणीच्या टोकाला तेलाचे बोट लावून तिला बुचात टोचून ठेवावे.