बूट नंतर आणा, आधी बीपी मोजा

बीपी वाढलेलं आहे आणि सोमवारपासून चालायला लागायचं ठरलं असेल, तर आधीचा आठवडा तयारीला ठेवा. नवे बूट सगळ्यांना पहिल्यांदा सुचतात. माझ्या मते पहिला मान बीपी लिहायच्या वहीचा. बीपीचं मशीन दंडाला पट्टा बांधायचं असावं. मनगटावरच्या मशीनमध्ये हात जरा खाली-वर झाला तरी आकडा चुकतो. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी मोजायचं. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. कमी आलेला तेवढाच लिहायचा मोह होतो, तो आवरा.

वही घेऊन डॉक्टरांकडे जा. कोणत्या आकड्याला व्यायाम टाळायचा, हे स्पष्ट विचारा. बसल्या जागी १८०/११० च्या वर असेल तर सहसा थांबायलाच सांगतात. गोळ्यांची नावंही दाखवा. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी, चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, मग घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबता येत नाही. तेव्हा साधी खूण धरा: चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. लघवी वाढवणारी गोळी असेल, तर उन्हाची वेळ टाळा.

आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं गाठायचं आहे, पण सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी चालेल. शेवटची पाच मिनिटं वेग कमी करत आणा. एकदम थांबलं की रक्त पायांत साठतं आणि चक्कर येते. वजनं हलकी घ्या, उचलताना श्वास सोडा. श्वास रोखला की बीपी झटकन चढतं. छातीत दाब किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा. छातीतला दाब ओसरला नाही, किंवा बोलणं अडखळलं, तर तडक दवाखाना.

फरक दिसायला काही आठवडे लागतात. बहुतेकदा वरचा आकडा पाच ते आठने उतरतो, पण गोळी आपल्या मनाने कमी करू नका. आणि चालून आल्यावरचा आकडा पाहून खूश होऊ नका. व्यायामानंतर काही तास बीपी तसंही खाली असतं. तुलना सकाळच्या आकड्यांचीच करा.