जुन्या गाडीचे इंजिन तापते तेव्हा
तापमानाचा काटा वर चढू लागला की बहुतेक जण थेट रेडिएटर (इंजिनचे पाणी थंड करणारी जाळी) बदलण्याची भाषा करतात. परंतु गाडी नेमकी केव्हा तापते, याची नोंद आधी घ्यावी. सिग्नलला उभी असताना काटा चढत असेल आणि वेग घेताच उतरत असेल, तर दोष बहुधा पंख्याचा, त्याच्या रिलेचा (पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचचा) किंवा तापमानावर चालणाऱ्या स्विचचा असतो. याउलट कसारा घाट चढताना किंवा महामार्गावर सलग वेगात गाडी तापत असेल, तर गाळाने चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) किंवा झिजलेला वॉटर पंप तपासावा.

इंजिन गरम झाल्यावर, पंख्यापासून हात दूर ठेवून, रेडिएटरचे दोन्ही होज (रबरी नळ्या) जपून चाचपावेत. वरचा चटका बसेल इतका गरम आणि खालचा जवळजवळ थंड लागला, तर पाणी फिरत नाही असे समजावे. बाहेर कोठेही गळती नसताना कूलंट (रेडिएटरमधले थंड करणारे पाणी) घटत असेल आणि ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढुरका थर दिसत असेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या, पाणी व ऑइल वेगळे ठेवणाऱ्या पट्टीची) शंका घ्यावी. (केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थंडीच्या दिवसांत असा पातळ थर निर्दोष इंजिनातही धरतो.)

रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण निवल्याशिवाय उघडू नये, कारण दाबाखालचे पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही आणि झाकण सैल होताच अंगावर उसळते. त्या झाकणाचे रबर मात्र अवश्य पाहावे. ते चिरलेले असेल, तर आधी झाकणच बदलावे.